पारणे राहिलेला फाल्गुन

फाल्गुन लागला की शहापुरातल्या आमच्या आळीत दुपारी एक निराळी शांतता येते. मुले घरात असतात, पण खेळत नाहीत. खिडक्यांतून पाठांतराचा गुणगुणाट येत राहतो. मध्येच तो थांबतो, आणि थांबला की कुठल्या तरी स्वयंपाकघरात डब्याचे झाकण वाजते. माझी धाकटी नात यंदा दहावीला आहे. तिचा अभ्यास मी डोळ्यांनी पाहत नाही, डोळे आता तेवढे चालत नाहीत. कानांनी मात्र मला त्यातले पुष्कळ समजते. पान उलटल्याचा आवाज, मग पुडी फोडल्याचा, मग काही वेळ कुरकुर, मग पुन्हा पान. भूगोलाला कुरकुर कमी असते, बीजगणिताला फार.

परवा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मला सारखं काहीतरी खावंसं वाटतं. भूक नसते, तरी वाटतं. तुम्ही अभ्यास करताना काय खायचात?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"पुस्तक उघडे असताना तोंडात काही घालायचे नाही, असा आमच्या घरचा नेम होता."

ती आदराने पाहून उठून गेली. उत्तर खरे होते. पण ते देताना माझ्या आवाजात किंचित अभिमान उतरला, आणि तो मलाच ऐकू आला. त्या नेमाचा अभिमान बाळगण्याचा अधिकार मला नाही. का नाही, ते एकदा लिहून ठेवावे असे त्या दुपारपासून मनात आहे.

आमचे मूळ घर मुरबाड तालुक्यात, टोकावड्यापासून कोसभर आत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. आसपासच्या आठ-दहा गावांची भिक्षुकी त्यांच्याकडे होती. सातव्या वर्षापासून त्यांनी मला पहाटे शब्दरूपे आणि स्तोत्रे शिकवली; दिवसा गावातली मराठी शाळा असे. सातवीच्या अखेरीस जी परीक्षा होई तिला सगळे नुसते 'फायनल' म्हणत. ती उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शाळेत शिक्षक होता येई, म्हणून पंचक्रोशीत तिचा दबदबा मोठा. मी फायनल होऊन नाशिकच्या पाठशाळेत अध्ययनाला जावे, असे अण्णांनी ठरवले होते. हे सन सत्तावन्नच्या सुमाराचे.

परीक्षेचा तो फाल्गुन आमच्याकडे धुराचा असतो. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यांवर पालापाचोळा, गोवऱ्या, गवत पसरून राब भाजतात, आणि सकाळ-संध्याकाळ शिवारावर निळसर धूर थांबून राहतो. त्या धुरातून सिद्धगडाचा डोंगर कधी जवळ आल्यासारखा दिसे, कधी नाहीसा होई. पहाटे मोहाची फुले गळत. त्यांचा ओला, गोडसर, किंचित आंबूस वास आमच्या पडवीपर्यंत येई. आई अंगणात तांदळाच्या पापड्या वाळत घाली. कुणाच्या परसात वालाच्या शेंगा सोलून चटईवर पसरलेल्या असत. ज्या महिन्यात मन एका जागी बसवायचे, नेमका त्याच महिन्यात सृष्टी खाण्याचे जिन्नस दारापुढे मांडून बसलेली असे. हा योग कुणी जुळवला, ते मला अद्याप उमगलेले नाही.

मला खाण्याच्या इच्छा फार होत. भूक म्हणता येणार नाही, कारण सकाळी दहाला आणि संध्याकाळी दिवेलागणीला माझे पोटभर जेवण होई. तरीही सनावळ्यांची पाने उघडली की मला अर्धवट वाळलेली पापडी आठवे, नद्यांच्या उगमापाशी आलो की चिंचेचा गोळा. एकदा मी अण्णांपुढे शास्त्रार्थही मांडला. घरात खरकट्याचा विचार कडक होता. पाण्यात शिजलेले ते खरकटे, कोरडे भाजलेले ते नाही. त्या आधारावर मी म्हणालो, "अण्णा, भाजलेले दाणे खरकटे नसतात. मग पुस्तकाशी बसून खाल्ले तर चालतील?"

अण्णा जानवे नीट करीत म्हणाले, "दाणे खरकटे नाहीत. तुझे तोंड उष्टे आहे. सरस्वतीला उष्ट्या तोंडाने हाक मारू नये."

आणि त्यांनी फडताळातून बाळहिरड्याचा एक वाळका तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मागे घाटाच्या जंगलात हिरड्याची झाडे होती. औषध म्हणून तो गालात धरायची त्यांनी मुभा दिली. हिरडा प्रथम तुरट लागतो, मग कडू, आणि अर्ध्या घटकेने त्याच्यावर साध्या पाण्याचा घोट गोड लागतो. जिभेला असे काम दिले की ती इतर काही मागत नाही, ही अण्णांची युक्ती. ती चाले. मीही स्वतःला संयमी समजू लागलो.

मग बुधा आमच्या पडवीत अभ्यासाला येऊ लागला.

बुधा माझ्याच वर्गात होता, वयाने दोन-तीन वर्षांनी मोठा. गावाच्या कडेला ओढ्यापलीकडे भूमिहीन मजुरांची वाडी होती, तिथला. पौष सरला की वाडीतली माणसे वीटभट्टीवर कल्याण-भिवंडीकडे जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. त्या वर्षी त्याच्या बापाने, धाकूने, त्याला एकट्याला मागे ठेवले होते. वाडीसाठी शाळा मंजूर होणार होती, आणि फायनल झालेला वाडीचाच मुलगा मिळाला तर शिक्षक म्हणून त्याला घेऊ, असे कुणा अधिकाऱ्याने धाकूला सांगितले होते. धाकूची अट साफ होती: एक वर्ष. पास झाला तर मास्तर, नापास झाला तर पुढच्या हंगामाला भट्टीवर. त्याच्या आधी त्या वाडीतून फायनलला कुणी बसलेले नव्हते. झोपडीत तो एकटा, बोलायला माणूस नाही, म्हणून आमच्या गुरुजींनी अण्णांना विचारले, आणि अण्णांनी त्याला पडवीत बसण्याची परवानगी दिली. पडवी घराबाहेरची, त्यामुळे त्यात आचाराची अडचण नव्हती. त्याला पाणी लागले तर मी तांब्याने वरून ओतत असे आणि तो ओंजळीने पिई. त्या काळी ती रीत मला दिसतही नसे, जसा आपला श्वास दिसत नाही.

बुधा सतत खात असे. त्याच्या सदऱ्याच्या खिशात भाजलेले वाल, वाळवलेली मोहाची फुले, कधी करांद्याच्या, त्या रानकंदाच्या, उकडलेल्या फोडी. पाढा म्हणता म्हणता त्याचा हात खिशात जाई. एक वाल दाढेखाली फुटे, आणि त्या आवाजाने माझी ओळ तुटे.

"किती खातोस रे," मी एकदा म्हणालो.

"खातंय कुठं? चावतंय. चावलं की पाढा आत जातो."

"आणि थांबलास तर?"

"थांबलो तर झोप येते." मग माझ्याकडे बघून तो हसला. "तुला पायजे का? घे की. तुझा बाप नाय बघत."

मला पाहिजे होते. भाजलेल्या वालाचा वास मला सर्वांत अधिक प्रिय. गालातला हिरडा त्या वासापुढे टिकत नव्हता. मी मान हलवून पुस्तकात पाहिले, पण त्या दिवशी माझ्या वाचनात काही शिरले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गणिताचे उदाहरण घेऊन बसलो. पाच गडी सहा दिवसांत एक भिंत बांधतात, तर तीन गडी किती दिवसांत. बुधाने पाटीवर रेघा ओढल्या, पुसल्या, आणि म्हणाला, "हे पाच गडी दिसभर खपतात, तर त्यांना जेवन कोन देतो? ते ह्याच्यात नाय."

"त्याचा इथे संबंध नाही."

"नाय कसा? जेवन नाय तर भिंत नाय." आणि त्याने एक वाल तोंडात टाकला.

मी तेव्हा त्याला नेमाचे सांगितले. खाण्यामागे धावणारे मन विद्येत स्थिर होत नाही, उष्ट्या तोंडाने विद्या येत नाही, म्हणून त्याचे गणित कच्चे राहते, असे मी गंभीरपणे समजावले. अण्णांचे शब्द, अण्णांचाच स्वर. परीक्षा होईपर्यंत पुस्तक उघडे असताना काही खायचे नाही, असा नेम त्याने घ्यावा. पळीभर पाणी त्याच्या हातावर सोडून मी संकल्पही सांगितला. माझ्या कानांना त्या आवाजापासून सुटका हवी होती, हे मात्र मी संकल्पात घातले नाही.

बुधाने हातावरच्या पाण्याकडे पाहिले. "हे मोडलं तर?"

"मोडायचे नसते."

"मग नाय मोडणार," तो म्हणाला, आणि खिशातले वाल काढून आमच्या गुरांच्या गव्हाणीत टाकून आला.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस माझा अभ्यास उत्तम झाला. पहाटे तो येई, शाळेची वेळ होईपर्यंत पुस्तक उघडे. शाळेत पुस्तक उघडे. शाळा सुटल्यावर पुन्हा पडवीत, अंधार पडेपर्यंत. नेम त्याने अक्षरशः पाळला. त्याचे गणित काही सुधारले नाही. तो जांभया देई, केलेले उदाहरण पुन्हा चुकवी, आणि कधी भिंतीला डोके टेकून डोळे मिटून घेई. मी त्याला आळशी म्हटले. तो म्हणाला, "हां, आळसच असंल."

एके सकाळी आई पापड्या उलटत होती. मी दहाचे जेवण करून हात धुऊन बाहेर आलो. तिने मला हाक मारली.

"दामू, बुधाच्या खिशाला हल्ली वास येत नाही."

"त्याने नेम घेतला आहे. मी दिला."

"बरं. आणि तो जेवतो कधी?"

"घरी जेवत असेल."

"घरी कोण आहे त्याच्या?"

झोपडीत तो एकटा असतो, हे मला ठाऊक होते. त्याच्या जेवणाचे मी कधी विचारलेच नव्हते. आई पदर खोचून पडवीशी गेली. बुधा उठून उभा राहिला.

"सकाळी काय खाल्लंस रे?"

"मोहं."

"काल रात्री?"

"मोहंच, बाय. तांदूळ सरलं होळीच्या आधी."

"आणि दिवसा?"

त्याने माझ्याकडे पाहिले. तक्रार म्हणून पाहिले नाही. सांगू की नको, हे विचारण्यासाठी पाहिले. "दिसाचा नेम हाय," तो म्हणाला.

मी ज्याला त्याचे चाळे समजलो होतो, ते त्याचे जेवण होते. खिशात मावेल एवढे आणि दिवसभर पुरवलेले.

आई रागावली नाही. तिचे सगळे बोलणे रीतीच्या भाषेत असे, आणि त्या दिवशीही ती तशीच बोलली. "दामू, नेम देणाऱ्यावर पारणं असतं. व्रत सांगितलंस, तर ते सोडवायचंही तुझ्याकडे. रोज दहा वाजता पुस्तक मिटायचं, त्याला पान वाढायचं, तो उठला की मग तू बसायचं. आणि बुधा, पारणं दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही. ह्याच्याच हातचं घ्यायचं."

"बरं, बाय," बुधा म्हणाला. त्याला हे अगदी न्याय्य वाटले असावे.

तेव्हापासून मी पडवीत पत्रावळ मांडून त्याला भात, वालाचे बिरडे, ताक वाढू लागलो. तो जेवून पत्रावळ स्वतः उचले, जागेला शेणगोळा फिरवी. आईने त्याला आत घेतले नाही, आणि तो आत येईल असे कुणाच्या मनातही नव्हते. परंतु मी त्याच्यानंतर जेवावे, हे तिने एकही दिवस चुकू दिले नाही. आठवडाभरात त्याच्या जांभया थांबल्या. गुणाकार तो माझ्या आधी करू लागला. व्याज अजून अडे.

इतक्या वर्षांनी मला वाटते, इच्छा आणि भूक यांच्या सीमेवर उभे राहून शहाणपण सांगणे फार सोपे असते, सांगणारा जेवलेला असला म्हणजे. माझ्या नातीची कुरकुर ही भीतीची आहे, हे मला ऐकू येते. तिला बीजगणिताचे भय वाटते आणि ते चावता येत नाही, म्हणून ती दुसरे काही चावते. तिच्यासाठी हिरडा उपयोगी पडेल. बुधासाठी तोच नेम अन्याय होता. औषध तेच, आणि वैद्याने नाडी पाहिलेली नाही.

फायनलचे केंद्र शहापूरला होते. सर्व्हिस मोटारीने सरळगाव, किन्हवली असे करीत आम्ही गेलो, आणि एका देवळाच्या धर्मशाळेत उतरलो. आईने दुधात भिजवून केलेल्या दशम्या चार दिवस टिकतात, प्रवासात चालतात. दोघांच्या दशम्या एकाच फडक्यात बांधून तिने माझ्या हाती दिल्या होत्या. "आधी त्याला, मग तू," एवढेच ती म्हणाली. बुधाने मोटारीत मांडीवर ते फडके सांभाळले आणि उतरताना पुन्हा माझ्याकडे दिले.

शहापूर तेव्हा मला महानगर वाटले. कचेऱ्या, दुकानांची रांग, महामार्गावरून नाशिककडे जाणाऱ्या मालमोटारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठीचा पेपर झाला, दुपारनंतर गणित होते. मधल्या सुट्टीत बुधा शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली बसला. मी फडके काखेत धरून म्हणालो, "जरा बाजार पाहून येतो. आलोच."

"ये. मी हाय," तो म्हणाला.

कोपऱ्यावर एक हॉटेल होते. दाराशीच कढई, आणि तीत कांद्याची भजी. आमच्या घरी बाहेरचे तळलेले निषिद्ध, कांदा तर त्याहून. मी फक्त पाहणार होतो. तेलात पीठ पडते, बुडते, वर येते, कडेने तांबूस होते. एवढे पाहिले आणि मी आत गेलो. अण्णांनी परतीसाठी दिलेल्या पैशांतून मी एक बशी घेतली, मग दुसरी घेतली. महिनोन्‌महिने हिरड्याने दाबून ठेवलेले सगळे एकाच दुपारी वर आले. त्या दोन बशांच्या काळात मला ना परीक्षा आठवली, ना चिंच, ना बुधा. संयम म्हणून ज्याचा मी गौरव करीत होतो, ते माझ्या ठायी कधी नव्हतेच. संधी नव्हती, एवढेच.

घंटा ऐकू आली तेव्हा मी पळत निघालो. मुले रांगेने आत जात होती. बुधा रांगेत उभा होता. त्याने माझ्या काखेतल्या फडक्याकडे पाहिले, गाठ तशीच होती. मग माझ्याकडे पाहिले, आणि आत गेला. मी फडके दाराशी वहाणांजवळ ठेवले. माझा पेपर चांगला गेला.

संध्याकाळी बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. ओठ कोरडे झाले होते. "पारणं राहिलं रे, दामू," तो म्हणाला. मी घाईने गाठ सोडली आणि दशमी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तोंडाकडे नेली, मध्येच थांबला.

"तू जेवलास?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने दशमी मोडली. अर्धी माझ्यापुढे धरली. "घे. तू बी दिसभर उपाशी. आता कसला आधी न्‌ मग."

वैदिकाच्या मुलाने त्याच्या हातचा मोडलेला तुकडा खावा की नाही, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात आला नाही. पोट भज्यांनी भरलेले होते आणि तो पाहत होता. मी ती अर्धी दशमी घासाघासाने गिळली. खाण्यात इतके कष्ट असू शकतात, हे मला ठाऊक नव्हते.

वैशाखात निकाल आला. गुरुजींनी नावे वाचली. मी उत्तीर्ण. बुधा गणितात गेला, बाकी सर्व विषयांत सुटला.

घरी येऊन मी आईला सांगितले. निकाल सांगितला, आणि भज्यांचेही सांगितले. तिच्या हातात सूप होते. ते तिने खाली ठेवले. त्या रात्री ती आणि अण्णा माजघरात पुष्कळ वेळ बोलत होते. शेवटी अण्णांचे एवढेच ऐकू आले, "व्रताचा प्रश्न आहे. मला आड येता येत नाही."

सकाळी आई मला घेऊन ओढ्यापलीकडे वाडीवर गेली. आमच्या घरातली स्त्री त्या वाडीवर पूर्वी कधी गेली नव्हती. भट्टीवरची माणसे परतली होती आणि पावसाआधी झोपड्या शाकारीत होती. धाकू छपरावर गवत लावत होता. तो घाईने उतरू लागला.

"बाय, तुमी हितं? सांगावा धाडला असतात, तर पोरगा आला असता."

"सांगाव्यानं होण्यासारखं काम नव्हतं, धाकू. दामू, बोल."

सगळ्यांसमोर मी सांगितले. मग धाकूने शिडीवर बसूनच विचारले, "भजी चांगली व्हती का रे, भटा?"

"होती," मी म्हणालो.

दोन-तीन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बुधा मात्र हसला नाही. "मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "त्याची बोटं तेलकट व्हती."

"मग दशमी का दिलीस?" मी विचारले.

"तू म्हनलास जेवलो नाय. आता परीक्षेच्या दारात तुला खोटा पाडू काय?" त्याने जमिनीवरची काडी उचलून मोडली. "आनि गनित माझं तसं बी कच्चंच व्हतं रे. भजांनी नाय गेलं ते."

ते खरे होते, की मला हलके वाटावे म्हणून तो बोलला, हे मला आजही सांगता येत नाही. त्याला पुढे कधी विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आई धाकूला म्हणाली, "त्याचं व्रत माझ्या मुलाकडून खंडलं. खंडलेलं व्रत पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि ज्याच्याकडून खंडलं त्यानं सोबत राहावं लागतं. एक वर्ष आणखी दे."

"बाय, मी एक वरीस बोललो व्हतो. भट्टीला हात कमी पडले तर मुकादम आमचं बिऱ्हाडच घेनार नाय."

"ठाऊक आहे. त्याचं वर्ष माझ्या मुलानं घालवलं, तर माझ्या मुलाचंही एक जाईल. दामू यंदा नाशिकला जाणार नाही. इथं राहील, त्याला गणित शिकवील, रोज त्याला वाढील."

हे मी तेव्हाच प्रथम ऐकले. पाठशाळेला पत्र गेले होते, माझ्यासाठी नवे धोतर आणले होते. आईने माझ्याकडे वळून पाहिले नाही.

धाकू शिडीवरून खाली उतरला. "भटाच्या पोराला बाय घरी बसवते, तर मी काय मागं सरू?" तो म्हणाला. "धाकटीला नेतो भट्टीवर."

धाकटी म्हणजे बुधाची बहीण, असेल नऊ-दहा वर्षांची. ती गवताच्या पेंढ्या बापाला वर देत होती. तिला त्या दिवशी कुणी काही विचारले नाही. मीही नाही. हे वाक्य लिहिताना मला थांबावे लागले.

ते वर्ष मी गावातच काढले. माझ्या बरोबरीची मुले पुढे गेली. पावसात ओढा भरला की बुधा पलीकडच्या काठावर उभा राही आणि मी अलीकडून उदाहरण ओरडून सांगे. तो उत्तर ओरडे. शिकवताना मला कळले की त्रैराशिक मला पाठ होते, समजलेले नव्हते. बुधाला एकदा समजले की ते त्याचे होई. दहा वाजता पुस्तक मिटायचे, पान वाढायचे. फाल्गुनात त्याला व्याजही येऊ लागले. पुन्हा शहापूर, तेच आवार. या वेळी मी परीक्षार्थी नव्हतो. फक्त फडके घेऊन दिवसभर बसून होतो. मधल्या सुट्टीत तो जेवला, मग मी जेवलो.

तो उत्तीर्ण झाला. वाडीच्या एका रिकाम्या गोठ्यात शाळा सुरू झाली, आणि पहिल्या दिवशी अण्णांनी पाटीपूजनाला जाऊन मंत्र म्हटले. परतताना ते ओढ्यावर पाय धूत पुष्कळ वेळ थांबले.

मी आषाढात नाशिकला गेलो. पाठशाळेच्या उंबरठ्याशी वृद्ध आचार्य बसले होते. अण्णांचे जुने पत्र त्यांनी उलगडून वाचले, तिथी पाहिली.

"गेल्या वर्षी येणार होतास."

"होय."

"मग?"

"एका व्रताचे पारणे राहिले होते."

"तुझ्या?"

"मित्राच्या. माझ्या हातून राहिले होते."

त्यांनी पत्राची घडी केली. मला वाटले ते कोणते व्रत, कोणत्या देवतेचे, ते विचारतील, आणि मी मनात उत्तर जुळवू लागलो.

"झाले का पुरे?" त्यांनी विचारले.

"झाले. तो आता शिकवतो."

"तर मग पाय धू," आचार्य म्हणाले, "आणि आत ये."